खुर्ची कोणती घेऊ? (उंची ५ फूट, कंबर कामातून गेलेली)

चिमणी_कोथरूड
सोमवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज स्वतःच्या कंबरेपायी धागा काढतेय.

आयटीत टेस्टिंगचं काम, आठवड्यातले तीन दिवस घरून. चार वर्षं जेवणाच्या टेबलाच्या लाकडी खुर्चीवर काढली, एक उशी खाली, एक पाठीला. गेल्या पावसाळ्यात डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जायला लागली. एमआरआय झाला. एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी बाहेर आलीय. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचं काही नाही, व्यायाम करा आणि ‘बसणं नीट करा’. नीट म्हणजे कसं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि बाहेर अजून अकरा पेशंट ताटकळत होते म्हणून मीही विचारलं नाही.

मग भावाच्या सांगण्यावरून ऑनलाइन एक गेमिंगची खुर्ची मागवली. काळी-लाल, साडेअकरा हजार. दिसायला थेट रेसच्या गाडीतली सीट. पाय जमिनीला टेकेनात. मानेची उशी डोक्यामागे आली आणि डोकं पुढे ढकलायला लागली, दिवसभर नमस्काराच्या पोझमध्ये. ती आता भावाकडे आहे. तो खूश आहे.

बजेट १५ हजार, अगदीच कामाची असेल तर २०. जाळीची घेऊ की फोमची? हेडरेस्ट लागतो का? प्लीज नावं सांगा, ‘दुकानात जाऊन बसून बघा’ एवढंच सांगू नका.

नाना_मिरजकर
मंगळवार, सकाळी ५:५०

चिमणीताई, नाव सांगतो: सतरंजी.

खुर्ची ही मुळात आपली वस्तूच नव्हे. आमचे आजोबा मिरजेत पेढीवर पन्नास वर्षं गादीवर बसले. पाठीला लोड, पुढ्यात उतरत्या झाकणाचं डेस्क. ८४व्या वर्षी गेले तेव्हाही ताठ. तुम्ही लोक कमोड, डायनिंग टेबल, खुर्ची असं करत करत जमिनीपासून दीड फूट वर गेलात, आणि मग एमआरआय काढता.

टपरीवरचा_चहा
मंगळवार, सकाळी ९:१५

शीर्षक वाचून वाटलं मंत्रिमंडळ विस्ताराचा धागा आहे. कंबर दिसली आणि खात्रीच पटली.

सोलापुरी_चादर
मंगळवार, सकाळी १०:२०

नानांचा मान ठेवून बोलते, पण जमिनीवर बसण्याचं हे कौतुक मला ऐकवत नाही.

माझी आई बिडी वळायची. सोलापुरात आमच्या गल्लीत घरटी एक तरी बाई बिडी वळायची. मांडी घालून बसायचं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मजुरी हजारावर. हजार बिड्या होईस्तोवर सकाळची संध्याकाळ. मान खाली, पाठ धनुष्यासारखी. खुर्ची आईने फक्त शाळेतल्या पालकसभेला पाहिली असेल. पंचेचाळिशीत तिची कंबर अशी धरली की उठताना आधी भिंत शोधायची, मग गुडघ्यावर हात, मग मी. आमच्याकडे गणवेशाच्या शिलाईवर बसणाऱ्या बायकांचंही तेच. त्या बसतात स्टुलावर, पण वाक तोच.

नाना, तुमच्या आजोबांना पाठीला लोड होता, पुढ्यात डेस्क होतं, आणि गिऱ्हाईक आलं की उठायला निमित्त होतं. आईला तिन्ही नव्हतं. जमीन दोघांना सारखीच होती.

नाना_मिरजकर
मंगळवार, सकाळी १०:४८

मान्य. पहाटे उत्साहात लिहिलं. (उठायला निमित्त मात्र गिऱ्हाइकाचं नव्हे, तपकिरीचं असायचं.)

खुर्चीडॉक्टर
मंगळवार, दुपारी २:०५

माझा धंदाच हा. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजाराजवळ ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. ऑफिस बंद झालं की टेम्पो भरून खुर्च्या आमच्याकडे येतात. नाव सांगणार नाही. एकाच कंपनीची एक खुर्ची तुम्हाला बसेल आणि दुसरी कंबर मोडेल. आधी टेप घ्या.

पहिलं माप: घरात चप्पल घालत असाल तर घालून बसा. गुडघ्यामागच्या खाचेपासून जमिनीपर्यंत किती? एवढीच सीटची उंची. दुकानातल्या बहुतेक खुर्च्या पूर्ण खाली केल्या तरी ४३-४५ सेंटीमीटरच्या खाली येत नाहीत. पाच फुटाच्या बाईला त्या उंचच. पाय लोंबकळले की सीटची कड मांडीखाली रुतते, माणूस पुढे सरकून कडेवर बसतो, आणि पाठीचा टेका जातो तो जातोच. पाठ कितीही महागाची असू द्या, तिला टेकायला माणूस तिथे नसतो.

दुसरं: पाठ भिंतीला लावून बसा. भिंतीपासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंत मोजा. त्यातून तीन-चार बोटं वजा करा. ही सीटची खोली. हे माप कोणी विचारत नाही आणि माझ्याकडे येणारी निम्मी रड याच्यामुळेच असते. खोल सीटवर बुटका माणूस मागे टेकायला गेला की गुडघा अडकतो. सीट पुढेमागे सरकणारी असेल तर उत्तम. नसेल तर पाठीला घट्ट गादी लावून खोली कमी करता येते. कापूस भरलेली उशी नको, ती आठवड्यात चपाती होते.

तिसरं: हात सैल सोडून कोपर काटकोनात वाकवा. सीटपासून कोपर किती वर? आणि टेबल जमिनीपासून किती? ही चार मापं टाका, मग बोलू.

बाकी जाता जाता:

सीट वर-खाली करणारा खालचा सिलिंडर, लोक ज्याला हायड्रॉलिक म्हणतात, त्यात तेलाचा पंप नसतो, दाबाखालचा नायट्रोजन वायू असतो. सिलिंडर बदलता येतो, आणि आखूड स्ट्रोकचाही मिळतो. खुर्ची उंच पडते म्हणून ती टाकू नका, आधी कारागिराला विचारा.

मागे रेलताना सीट कशी हलते ते बघा. स्वस्तातल्या ‘पुशबॅक’मध्ये पाठ आणि सीट एकजीव डुलतात. मागे गेलात की गुडघे वर, टाचा हवेत. ज्याला सिंक्रो म्हणतात त्यात पाठ जास्त कलते, सीट थोडीच. पाय जमिनीवर राहतात. सीटखाली मोठा गोल नॉब असतो तो तुमच्या वजनाप्रमाणे फिरवायचा. दहातल्या नऊ घरांत तो आयुष्यात कधी फिरवलेला नसतो. वजनाने हलकी बाई आणि नॉब घट्ट, म्हणजे खुर्ची मागे जातच नाही आणि बाई म्हणते ‘हिचा पुशबॅक खराब आहे’.

हात ठेवायचे दांडे टेबलाखाली जायला हवेत. नाहीतर खुर्ची लांब राहते आणि तुम्ही टेबलाकडे वाकता. नाहीच जमलं तर काढून टाका, चार स्क्रू असतात.

हेडरेस्ट तुमच्या उंचीला बहुधा चुकीच्या जागीच येणार. त्याचे पैसे वाचवा.

चिमणी_कोथरूड
मंगळवार, रात्री १०:३०

डॉक्टरसाहेब (तुम्हीच खरे), मापं घेतली. नवऱ्याने टेप धरला आणि अर्धा वेळ हसला.

गुडघ्यामागून जमीन: चपलेसकट ४०.
भिंतीपासून गुडघ्यामागे: ४३.
सीटपासून कोपर: २१.
टेबल: ७५.

आणि एक गंमत. लाकडी खुर्ची ४५, वर ५ची उशी, म्हणजे ५०. चार वर्षं मी जमिनीपासून १० सेंटीमीटर वर तरंगत होते.

खुर्चीडॉक्टर
मंगळवार, रात्री ११:१०

मग रोग खुर्चीचा कमी आणि टेबलाचा जास्त आहे.

हिशोब करा. ४० अधिक २१, तुमचं टेबल ६१ला हवं. ते आहे ७५. बाजारातलं टेबल साधारण ७५चंच असतं, ते तुमच्यापेक्षा बऱ्याच उंच माणसाला मोजून केलेलं. १४ सेंटीमीटरचा फरक आहे. जगातली सर्वांत भारी खुर्ची आणलीत तरी तो फरक तसाच राहणार. खुर्ची खाली केली तर खांदे कानाला लागणार, वर केली तर पाय लटकणार.

दोन वाटा. एक, खुर्ची ५४ला चढवा आणि पायाखाली १४चं काहीतरी ठेवा. तुमच्याकडे जेवायचे पाट आहेत का? दोन पाट एकावर एक, घसरू नयेत म्हणून मधे रबराची चटई. फुकटात काम. दोन, टेबल खाली आणा.

नाना_मिरजकर
बुधवार, सकाळी ५:४५

पाट! शेवटी पाटावरच आलात ना?

फिजिओ_गंगापूररोड
बुधवार, दुपारी ३:२०

नाशिकला प्रॅक्टिस करते. खुर्चीचं वर नीट सांगून झालंय, मी पाठीचं बोलते.

दवाखान्यात रोज ऐकू येणारं वाक्य: ‘मॅडम, मणक्यात गॅप आहे.’ गॅप हा आजार नाही. दोन मणक्यांमधल्या गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते, कडेने थोडी फुगते. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. विशीतल्या ३० टक्के लोकांत गादी फुगलेली निघाली, पन्नाशीत ६० टक्के, ऐंशीत ८४. दुखत काहीच नव्हतं. चिमणी, तुझी कळ पायात जातेय, म्हणजे नस चिडलीय हे खरं. पण रिपोर्टमधला तो शब्द रोज रात्री उघडून वाचू नकोस.

आता बसण्याबद्दल. ‘ताठ बस’ हे आपण आईच्या पोटातून ऐकून येतो. १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये अल्फ नॅकेमसन यांनी गादीत सुई घालून दाब मोजला. आधार नसताना बसलं की दाब उभं राहण्यापेक्षा जास्त निघाला. तेव्हापासून बसणं बदनाम. १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजलं, एकाच माणसाच्या एल४-एल५मध्ये दिवसभर सेन्सर ठेवून. उभं असताना ०.५० मेगापास्कल, आधाराशिवाय सैल बसल्यावर ०.४६, आणि खुर्चीत चक्क रेलून पसरल्यावर ०.२७. बसल्या बसल्या पूर्ण पुढे वाकल्यावर मात्र ०.८३. माणूस एकच होता, त्यामुळे आकड्यांना डोक्यावर घेऊन नाचू नये. पण दिशा दवाखान्यात दिसते तीच आहे. दुखवतो तो पुढचा वाक, आणि रेलणं हा गुन्हा नाही. २००६मध्ये स्कॉटलंडमध्ये वेगवेगळ्या बैठकींत एमआरआय काढून पाहिला, तिथेही मांडी आणि पाठ यांत १३५ अंशांचा कोन सगळ्यात सोसवला, ९० अंशांचा ताठ कोन नव्हे.

म्हणून मी पेशंटला सांगते, मीटिंगमध्ये नुसतं ऐकायचं असेल तेव्हा रेल. टाइप करताना पाठ टेकलेली ठेव. खुर्चीच्या पाठीतला कंबरेचा फुगवटा पँटच्या पट्ट्याच्या जरा वर यायला हवा, बरगड्यांत नव्हे. खाली-वर होणारा नसेल तर तो फुगवटा पाच फुटाच्या बाईला शिक्षाच. आणि अर्ध्या तासाने ऊठ. पाणी आण, दार उघड, काहीही. बावीस हजारांची खुर्ची घेऊन सलग चार तास बसलेले पेशंट माझ्याकडे येतात, ते खुर्चीचं बिल सोबत आणतात.

एक गंमत नाही अशी गोष्ट: दोन्ही पायांत कळ किंवा बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसायच्या जागेला मुंग्या किंवा बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, यातलं काहीही झालं तर धागा बंद करायचा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठायचं.

नाना, तुमच्या आजोबांचं उतरतं डेस्क मात्र मी चेष्टेवारी नेणार नाही. डेन्मार्कचे एक सर्जन होते, ए. सी. मँडल. शाळकरी मुलांची बाकं बघून त्यांनी हेच लावून धरलं होतं की सीट पुढे उतरती हवी आणि डेस्क वाचणाऱ्याकडे कललेलं हवं, म्हणजे मान आणि कंबर वाकवावी लागत नाही.

नाना_मिरजकर
बुधवार, दुपारी ३:४१

हा प्रतिसाद छापून घेऊन देवघरात लावतो.

म्युनिकचा_पाहुणा
बुधवार, संध्याकाळी ७:५५

एक मुद्दा राहिला. लॅपटॉप. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे एक बरोबर ठेवलं की दुसरं चुकतंच. कीबोर्ड-माउस वेगळे घ्या, लॅपटॉप जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांवर चढवा. पंधरा हजारांतले पहिले दीड हजार इथे घाला.

आमच्याकडे ऑफिसात वर-खाली होणारी विजेची टेबलं आहेत. पहिला महिना सगळे उभे. आता उभे राहतात ते फक्त वाढदिवसाचा केक कापताना. मोठा फुगलेला चेंडूही होता बसायला. वीस मिनिटांत पाठ दमते आणि मग चेंडूवर कुबड काढून बसतो. नॉर्वेची ती गुडघे टेकायची खुर्चीही आहे कोपऱ्यात, १९७९मध्ये निघालेली. कंबरेला छान वाटतं, नडग्या दुखतात.

वरातीमागून_घोडा
बुधवार, रात्री ९:३०

सेकंड हँड एअरॉन खुर्ची मिळाली तर? परदेशी, १९९४ची डिझाइन, अजून नाव काढतात.

खुर्चीडॉक्टर
बुधवार, रात्री १०:०२

मिळते की. पण ती खुर्ची तीन साइजमध्ये येते, ए, बी, सी. पाठीच्या चौकटीच्या मागच्या वरच्या कडेला बोट फिरवा, ठिपके लागतील. एक म्हणजे ए, दोन बी, तीन सी. बाजारात येते ती बहुतेक बी. चिमणीताईंना ए लागेल आणि ती माझ्याकडे वर्षातून एखादी येते. ज्यांना आपला साइज माहीत नाही त्यांनी एवढे पैसे घालून दुसऱ्याचे बूट घेऊ नयेत.

जाळी का फोम, ते राहिलंच. पुण्या-मुंबईच्या उकाड्यात पाठीला जाळी बरी. सीटला मी फोम सांगतो. स्वस्तातली जाळीची सीट वर्षभरात झोळी होते, मग मांडीखाली पुढची चौकट लागते. फोम साच्यात ओतलेला असावा, शीट कापून चिकटवलेला नव्हे. अंगठ्याने दाबा, खालची फळी लागली तर पुढच्या खुर्चीकडे जा. आणि टाइल्सवर प्लास्टिकची चाकं पळतात, रबरासारखी पीयूची घ्या.

चिमणी_कोथरूड
तीन महिन्यांनी, रविवार, दुपारी १२:१५

धागा वर काढतेय. शेवट काय झाला ते न सांगणाऱ्या लोकांचा मला स्वतःला राग येतो.

पहिले तीन आठवडे पाटांवर काढले. खुर्ची तीच लाकडी, पण खाली उशांऐवजी घडी केलेली जुनी सतरंजी (नाना!), पाठीला घट्ट फोमचा तुकडा, पायाखाली दोन पाट आणि एक चटई. वेगळा कीबोर्ड. फरक पडला. पण सासूबाई आल्या आणि नैवेद्याचे पाट पायाखाली बघून काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत हेच जास्त लागलं.

मग खुर्ची. टेप घेऊन चार दुकानं फिरले. एका दुकानदाराने विचारलं, ‘मॅडम, पडदे शिवायचेत का?’ शेवटी बंद पडलेल्या एका ऑफिसची, सिंक्रोवाली, सीट सरकणारी, कंबरेचा फुगवटा वर-खाली होणारी मिळाली. साडेआठ हजार. पूर्ण खाली करून ४४ भरत होती. आखूड सिलिंडर टाकून घेतला, आता ४१. दांडे काढले. सीट पूर्ण मागे घेतली तरी खोली ४१, म्हणजे गुडघ्यामागे दोनच सेंटीमीटर उरतात, म्हणून तोच फोमचा तुकडा पाठीला आहे. तो नॉब सहा वेळा उलटा फिरवला तेव्हा खुर्ची पहिल्यांदा मागे झुकली. मी ओरडलेच.

मग टेबल. जेवणाच्या टेबलाला हात लावायची परवानगी मिळाली नाही, म्हणून बाबांचं जुनं अभ्यासाचं टेबल आणलं. तेही ७५चं. सुताराला म्हटलं चारही पाय १३ने काप, ६२ ठेव. त्याने करवत ठेवली आणि बसून बघितलं. म्हणाला, ‘ताई, ड्रॉवरचं काय?’ ड्रॉवर १० सेंटीमीटरचा. ६२मधून फळी आणि ड्रॉवर गेला की खाली उरले ५०, आणि माझ्या मांड्या ५४ला. हे ना माझ्या लक्षात आलं होतं ना या धाग्यावर कुणाच्या. ड्रॉवर काढला. आत बाबांचं एक शाईचं पेन आणि २००९चं विजेचं बिल निघालं. मग पाय कापले. सुतार ६०० घेऊन गेला.

कळ आता पोटरीपर्यंत जात नाही, कुल्ल्यात कधीतरी जाणवते. व्यायाम चालू आहेत, त्यामुळे श्रेय खुर्चीचं किती आणि भुजंगासनाचं किती ते मला सांगता येणार नाही. अर्ध्या तासाचा गजर लावलाय. तो वाजला की मांजर उठते, मग मीही उठते.

आता नवीन भानगड. नवरा ५ फूट ११ इंच. परवा माझ्या टेबलावर बसायला गेला तर गुडघे आतच जाईनात. तो म्हणतोय त्याचीही मान दुखते.

खुर्चीडॉक्टर
रविवार, दुपारी १२:४०

ड्रॉवरची चूक माझी. टेबल कापायला सांगताना मांडीची जाडी विचारायला हवी होती.

साहेबांची चार मापं टाका. या वेळी टेप तुम्ही धरा.